ताऱ्यांना ओळखणारे धर्मगुरू: फादर आंजेलो सेक्की



आपल्या अंबडमध्ये रात्री आकाश पाहायचे म्हटले तर फारसे काही हाती लागत नाही. कंपन्यांचे दिवे, हायवेचे दिवे, नव्या इमारतींचे दिवे. सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी निघालेला माणूस वर पाहतो तो पाऊस येतो आहे का एवढेच बघायला. पांडवलेण्यांच्या डोंगरावर चार तारे लुकलुकतात, त्यावर आपण समाधान मानतो.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात आपले तरुण गव्हाणीवर लावायचा कागदी तारा तयार करत होते. बोलता बोलता विषय निघाला तो पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांचा. ते तारे पाहणारे होते, मग आजच्या काळात तारे पाहणाऱ्यांविषयी ख्रिस्तसभेला काय वाटते, असे एकाने विचारले. डिप्लोमा करणारा दुसरा मुलगा थोडा कडवटपणे म्हणाला की, कॉलेजात चर्च आणि विज्ञान असा विषय निघाला की, एकट्या गॅलिलिओचे नाव घेतले जाते आणि आपल्याला मान खाली घालून बसावे लागते. गॅलिलिओवर अन्याय झाला हे खरे आहे. ते झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही. खुद्द पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली तो जाहीरपणे मान्य केला. पण गोष्ट तेवढीच आहे का? त्या रात्री आम्ही मुलांना एक नाव सांगितले. त्यांच्यापैकी एकानेही ते ऐकलेले नव्हते. म्हणून आज या पानावर त्या धर्मगुरूंची हकिकत सांगत आहोत.

सुताराचा मुलगा

आंजेलो सेक्की यांचा जन्म जून १८१८ मध्ये इटलीतील रेज्जो एमिलिया या गावी झाला. वडील सुतार होते. आई व्यवहारी बाई. तिने मुलाला शिवणकाम आणि विणकामसुद्धा शिकवले होते. हाताने काम करण्याची ही सवय पुढे त्यांना फार उपयोगी पडली. दुर्बिणीला जोडायचे उपकरण असो की हवा मोजायचे यंत्र, ते स्वतः जुळवत, बिघडले तर स्वतः दुरुस्त करत.

पंधराव्या वर्षी, म्हणजे १८३३ साली, ते रोममध्ये येशूसंघात दाखल झाले. रोमन कॉलेजमध्ये त्यांचे शिक्षण झाले. हे कॉलेज येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या हयातीत स्थापन झालेले. आज आपण भिंतीवर जे ग्रेगोरियन कॅलेंडर लावतो, त्याच्या १५८२ सालच्या सुधारणेत मोठा वाटा असलेले फादर क्लावियस याच कॉलेजचे शिक्षक होते. तरुण सेक्की गणितात आणि भौतिकशास्त्रात हुशार निघाले. काही वर्षे त्यांनी लोरेटो येथे हे विषय शिकवले, मग ईशज्ञान शिकण्यासाठी ते पुन्हा रोमला आले. १८४७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

दीक्षा होऊन वर्षही झाले नव्हते तोच १८४८ ची क्रांती पेटली. येशूसंघीयांना रोम सोडावे लागले. फादर सेक्की आधी इंग्लंडमध्ये स्टोनिहर्स्ट येथे आणि तिथून अमेरिकेत जॉर्जटाऊन येथे गेले. परका देश, परकी भाषा, मागे काय उरले आहे याचा पत्ता नाही. पण जॉर्जटाऊनला येशूसंघीयांची वेधशाळा होती आणि जवळच वॉशिंग्टनमध्ये समुद्राचे प्रवाह व वारे यांचा अभ्यास करणारे मोरी नावाचे नौदल अधिकारी राहत होते. त्यांच्याशी स्नेह जुळला. निर्वासिताचे ते एक वर्ष असे वाया न जाता कमाईचे ठरले.

इकडे रोमन कॉलेजच्या वेधशाळेचे संचालक फादर दे विको निर्वासित अवस्थेतच लंडनमध्ये मरण पावले. १८४९ साली फादर सेक्की रोमला परतले ते त्यांच्या जागी. तेव्हा त्यांचे वय ३१ वर्षांचे होते.

न बांधलेला घुमट

रोमन कॉलेजला लागून संत इग्नेशियस यांचे भव्य मंदिर आहे. या मंदिराला मोठा घुमट बांधायचे ठरले होते. तो पेलण्याइतके जाडजूड खांबही उभे राहिले. घुमट मात्र बांधलाच गेला नाही. तेव्हा १६८५ साली आंद्रेआ पोत्सो या येशूसंघीय ब्रदर चित्रकाराने एका प्रचंड कापडावर घुमटाचे चित्र रंगवले आणि ते छताला बसवले. खाली ठरावीक जागी उभे राहून वर पाहिले तर खराच घुमट आहे असे वाटते. चार पावले सरकले की चित्र वाकडे होते.

फादर सेक्की यांची नजर गेली ती त्या खांबांवर. दुर्बिणीला सर्वांत मोठा शत्रू म्हणजे हादरा. घुमटाचा भार पेलण्यासाठी बांधलेले ते खांब दगडासारखे अचल होते. त्यांनी नवी वेधशाळा नेमकी तिथे, मंदिराच्या माथ्यावर बांधली. १८५४ साली जर्मनीतील मेर्त्स यांची २४ सेंटीमीटर भिंगाची दुर्बीण तिथे बसली. खाली रंगवलेले आकाश आणि वर खरे आकाश, अशी ती जागा झाली. खाली मिस्सा चाले आणि रात्री वर वेध चालत.

या वेधशाळेतून त्यांनी मंगळ, गुरू, शनी, धूमकेतू आणि जोडतारे पाहिले. पण त्यांचा खरा ध्यास सूर्य होता. १८६० सालच्या जुलै महिन्यात ते खग्रास ग्रहण पाहण्यासाठी स्पेनला गेले. ग्रहणात काळ्या बिंबाच्या कडेला लालसर ज्वाळा दिसतात. त्या सूर्याच्या, चंद्राच्या की नुसता नजरेचा भास, याविषयी वाद होता. फादर सेक्की यांनी एका ठिकाणाहून आणि इंग्रज खगोलज्ञ वॉरन द ला रू यांनी दूरवरच्या दुसऱ्या ठिकाणाहून फोटो घेतले. दोन्ही फोटोंतील ज्वाळा जुळल्या. त्या सूर्याच्याच आहेत हे ठरले. फोटो काढणे हेच जेव्हा नवल होते तेव्हाची ही गोष्ट आहे.

भट्टी आणि तारे

आता त्यांच्या मुख्य कामाकडे येऊ. ते समजायला आपल्या अंबडकरांना इतरांपेक्षा सोपे जावे.

आपल्या धर्मग्रामातील कितीतरी जण फाउंड्रीत काम करतात. भट्टीतले लोखंड लाल असते, मग नारिंगी होते, मग पिवळे, आणि फार तापले की पांढरे. रंगावरून ताप ओळखणे हे अनुभवी कामगाराला कोणी शिकवावे लागत नाही. ओतण्यापूर्वी एक लहान नमुना लॅबमध्ये जातो. तिथे त्यावर विजेची ठिणगी पाडतात आणि त्या ठिणगीच्या प्रकाशावरून यंत्र सांगते की यात कार्बन इतका, सिलिकॉन इतका, मँगनीज इतके. धातू विरघळवावा लागत नाही, कापावा लागत नाही. त्याचा प्रकाशच त्याची साक्ष देतो.

हे कसे घडते? प्रकाश काचेच्या लोलकातून गेला की इंद्रधनुष्यासारखा पट्टा तयार होतो. त्याला वर्णपट म्हणतात. प्रत्येक मूलद्रव्य त्या पट्ट्यात ठरावीक जागी आपल्या रेषा उमटवते, आणि एकाच्या रेषा दुसऱ्याशी जुळत नाहीत. आपल्या बोटांच्या ठशांसारखेच हे आहे. जर्मनीत किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी १८५९ साली हे नीट उलगडून दाखवले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला ओग्यूस्त काँत हा फ्रेंच विचारवंत अभ्यासाला होता. प्रत्यक्षार्थवादाचा तो प्रवर्तक. माणसाला कधीच कळणार नाहीत अशा गोष्टींचे उदाहरण म्हणून त्याने १८३५ साली ताऱ्यांची रासायनिक घडण पुढे केली होती. ताऱ्याचे अंतर, आकार, गती मोजता येईल, पण तो कशाचा बनला आहे हे कळणे अशक्य, असे त्याचे मत होते. काँत १८५७ साली वारला आणि दोनच वर्षांनी ते अशक्य शक्य झाले. मोठ्या बुद्धीच्या माणसानेही अशक्य हा शब्द जपून वापरावा, हा धडा आम्ही तेव्हापासून लक्षात ठेवला आहे.

त्याहून जुनी समजूत ॲरिस्टॉटलची. त्याच्या मते पृथ्वीवरचे पदार्थ वेगळे आणि आकाशातले वेगळे. वरचे सारे एका पाचव्या, अविनाशी तत्त्वाचे. ही समजूत खोटी ठरवणाऱ्यांत फादर सेक्की यांचा मोठा वाटा आहे.

१८६३ च्या सुमारास त्यांनी आपल्या दुर्बिणीला वर्णपट पाहायचे उपकरण जोडले आणि एकेक तारा तपासायला घेतला. एवढ्या मंद प्रकाशाचे वर्णपट टिपणारी फोटोची काच त्या काळी नव्हती. डोळ्यांनी पाहायचे, मनात धरायचे आणि हाताने कागदावर काढायचे. अशा रीतीने त्यांनी चार हजारांहून अधिक तारे पाहिले. वर्षामागून वर्षे, रात्रीमागून रात्री.

एवढे तारे पाहिल्यावर त्यांच्या ध्यानात आले की प्रत्येक ताऱ्याची तऱ्हा निराळी नाही. ते थोड्या वर्गांत बसतात. पहिला वर्ग पांढऱ्या-निळसर ताऱ्यांचा. त्यात हायड्रोजनच्या रेषा ठळक. आपला व्याध आणि अभिजित हे या वर्गातले. दुसरा पिवळ्या ताऱ्यांचा. त्यात धातूंच्या बारीक रेषांची दाटी. ब्रह्महृदय, स्वाती आणि आपला सूर्य यात मोडतात. तिसरा तांबूस ताऱ्यांचा; यांच्या वर्णपटात सुट्या रेषांऐवजी रुंद पट्टे दिसतात. मृगातील काक्षी आणि वृश्चिकातील ज्येष्ठा हे ते तारे. सूर्य हा देखील एक तारा आहे, हे याआधी तर्काने सांगितले जात होते. आता तो इतर ताऱ्यांच्या रांगेत, आपल्या वर्गात जाऊन बसला.

गडद लाल तारे

१८६८ साली त्यांनी चौथा वर्ग सांगितला, आणि आज आम्हाला त्याविषयी अधिक सांगायचे आहे.

हे तारे थोडे होते, मंद होते आणि रंगाने गडद लाल होते. त्यांच्या वर्णपटातही पट्टे होते, पण तिसऱ्या वर्गाच्या उलटे. तिथे पट्ट्याची जी कडा ठळक, ती इथे फिकी. जी फिकी, ती ठळक. दुसरा कोणी असता तर त्याला हे लाल ताऱ्यांचेच काही किरकोळ रूप वाटले असते. फादर सेक्की यांनी प्रयोगशाळेत कार्बनयुक्त पदार्थांचे वर्णपट पाहिले आणि ताडून बघितले. ते जुळत होते. आपल्या चुलीतल्या कोळशात, दिव्याच्या काजळीत जो कार्बन असतो तोच त्या ताऱ्यांत आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आज या ताऱ्यांना कार्बन तारे म्हणतात.

श्यामशबल या लहानशा तारकासमूहात, सप्तर्षींच्या जवळ, असा एक तारा आहे. त्याच्या वर्णपटाचे सौंदर्य पाहून फादर इतके हरखले की त्यांनी त्याला ला सुपेर्बा असे नाव दिले. सुपेर्बा म्हणजे दिमाखदार. ते नाव आजही चालते. अंबडच्या उजेडात तो दिसणार नाही, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत त्र्यंबक-हरसूलकडच्या अंधाऱ्या गावी गेलात तर साधी दुर्बीण घेऊन शोधून पाहा. त्याचा पृष्ठभाग सुमारे अडीच हजार अंश सेल्सियस तापलेला आहे. आपल्या भट्टीतल्या वितळलेल्या लोखंडाचा ताप साधारण दीड हजार असतो. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजारांचा. म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात हा अगदी थंड तारा झाला.

पुढे त्यांनी पाचवा वर्गही जोडला. शर्मिष्ठेतील एका ताऱ्यात काळ्या रेषांच्या जागी त्यांना उजळ रेषा दिसल्या होत्या. असे तारे त्या वर्गात गेले.

पाण्यातली पांढरी तबकडी

फादर सेक्की केवळ आकाशाकडे पाहत बसणारे नव्हते. एप्रिल १८६५ मध्ये ते पोपच्या जहाजावरून समुद्रात गेले. समुद्राचे पाणी किती नितळ आहे हे मोजायचे होते. त्यांनी पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडली आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजली. एवढेच. आजही तलावाचे किंवा धरणाचे पाणी किती गढूळ आहे हे तपासताना जगभर तीच तबकडी वापरतात आणि तिला सेक्की तबकडी म्हणतात. दोरी आणि तबकडी एवढाच तिचा खर्च.

वारा, पाऊस, तापमान आणि हवेचा दाब यांची आपोआप नोंद करणारे एक मोठे यंत्र त्यांनी बनवले. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात ते पाहायला लोकांची गर्दी लोटली आणि त्याला सर्वोच्च सन्मान मिळाला. सूर्य आणि तारे यांवरची त्यांची पुस्तके युरोपात वाचली गेली.

कसोटीची वर्षे

२० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या सैन्याने रोम घेतले. पोपचे राज्य संपले. रोमन कॉलेज नव्या सरकारच्या ताब्यात गेले. १८७३ साली रोममधील व्रतस्थ संघ बरखास्त करण्याचा कायदा आला आणि येशूसंघीयांना आपली घरे सोडावी लागली.

फादर सेक्की यांचे नाव तोवर जगभर झाले होते. त्यांना हात लावला तर युरोपभर ओरड होईल हे सरकार जाणून होते. त्यांना वेधशाळेत राहू देण्यात आले. नव्या सरकारच्या विद्यापीठात त्यांना अध्यासन देऊ केले होते. ते त्यांनी घेतले नाही. पोप नववे पायस यांची आणि आपल्या संघाची साथ सोडून मिळणारा कोणताही मान त्यांना नको होता. आपले बांधव पांगले, कॉलेजच्या वर्गांत परके लोक आले, आणि हा धर्मगुरू मंदिराच्या माथ्यावर आपल्या दुर्बिणीपाशी राहिला. उद्या ही दुर्बीणही जाईल हे त्याला दिसत होते.

अशा वेळी माणूस कडवट होतो. दार लावून घेतो. फादर सेक्की यांनी तसे केले नाही. १८७१ साली त्यांनी पिएत्रो ताक्किनी आणि इतर काही शास्त्रज्ञांबरोबर वर्णपटाचा अभ्यास करणाऱ्यांची संस्था स्थापन केली. हे सोबती प्रापंचिक होते आणि नव्या सरकारच्या वेधशाळांत नोकरीला होते. एकीकडे पोप आणि राजा यांच्यात बोलणे बंद, आणि दुसरीकडे पोपचा धर्मगुरू व राजाचे शास्त्रज्ञ मिळून रोज सूर्याची चित्रे काढतात, असे ते दृश्य होते. निष्ठा एका जागी ठेवायची आणि स्नेह सगळीकडे, हे त्यांना साधले. आपल्याकडे साध्या कमिटीच्या निवडणुकीनंतर दोन घरे वर्षभर बोलत नाहीत, तेव्हा हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

त्यांना पोटाचा कर्करोग झाला होता. २६ फेब्रुवारी १८७८ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. ज्यांची साथ त्यांनी सोडली नाही ते पोप नववे पायस त्याच महिन्यात, ७ तारखेला वारले होते. पुढच्याच वर्षी सरकारने वेधशाळा ताब्यात घेतली.

भारताशी धागा

या कामाचे धागे आपल्या देशापर्यंतही आले. फादर सेक्की यांच्याबरोबर रोममध्ये वर्णपट पाहिलेले फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन १८६८ च्या ग्रहणासाठी गुंटूरला आले होते; त्या ग्रहणाच्या वेधांतूनच पुढे हेलियमचा शोध लागला. १८७४ च्या डिसेंबरात शुक्र सूर्यबिंबावरून सरकला तेव्हा ताक्किनी बंगालमध्ये आले. कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे येशूसंघीय फादर लाफाँ त्यांच्याबरोबर होते. ताक्किनींच्या सूचनेवरून फादर लाफाँ यांनी १८७५ साली कॉलेजच्या माथ्यावर वेधशाळा उभारली.

आपल्या महाराष्ट्रातही हे शास्त्र लवकर आले. पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ साली कावसजी दादाभाई नायगमवाला या पारशी प्राध्यापकांनी वेधशाळा सुरू केली. भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांनी त्यासाठी देणगी दिली होती. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून वर्णपटाच्या उपकरणांनी पाहिले. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि त्यांची २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. कितीतरी वर्षे ती देशातली सर्वांत मोठी दुर्बीण होती.

लाल ताऱ्यांचे पुढे काय झाले?

फादर सेक्की यांची वर्गवारी आज जशीच्या तशी वापरात नाही. अमेरिकेत हार्वर्ड येथे ॲनी जंप कॅनन आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी लाखो ताऱ्यांची अधिक बारीक वर्गवारी केली. आपल्या मेघनाद साहा यांनी १९२० साली, ताऱ्याच्या तापमानाप्रमाणे रेषा कशा बदलतात याचे गणित मांडले. नव्या पायरीवर चढताना जुनी पायरी खाली राहते, पण ती नसती तर चढणे झाले नसते.

त्यांचे गडद लाल तारे मात्र आज पुन्हा मोठ्या अभ्यासाचा विषय झाले आहेत. हे तारे आयुष्याच्या उत्तरार्धातले आहेत हे आता कळले आहे. तारुण्यात तारा हायड्रोजन जाळून हेलियम करतो. म्हातारपणी तो फुगतो, बाहेरून थंड आणि लाल होतो, आणि पोटात हेलियमपासून कार्बन तयार करतो. तो कार्बन उसळ्यांनी वर येतो. वर असलेला ऑक्सिजन आधी त्यातला कार्बन धरून ठेवतो. ऑक्सिजन पुरून उरेल इतका कार्बन वर आला की तो कार्बन तारा झाला.

आता एक गमतीची गोष्ट. खगोलशास्त्रज्ञ हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्याला धातू म्हणतात. कार्बन आणि ऑक्सिजनलाही. आपल्या फाउंड्रीतल्या मंडळींना हे ऐकून हसू येईल. पण या अर्थाने आपल्या आकाशगंगेच्या आसपास काही खुज्या दीर्घिका आहेत, ज्यांत धातू फार कमी आहेत. सेक्स्टन्स ए नावाच्या दीर्घिकेत ते सूर्याच्या मानाने दहावा हिस्साही नाहीत. विश्वाच्या बालपणी सगळ्याच दीर्घिका अशा गरीब होत्या. तेव्हा या शेजारच्या गरीब दीर्घिका पाहणे म्हणजे आपल्या आरंभाचे चित्र पाहणे. अशा ठिकाणी ऑक्सिजन मुळातच थोडा, म्हणून थोड्या कार्बननेही तारा कार्बन तारा होतो. फादर सेक्की यांचे तारे तिथे जास्त सहज तयार होतात.

अडचण एकच. हे म्हातारे तारे श्वास घ्यावा तसे फुगतात, आकसतात आणि आपल्याभोवती काजळीसारखी धूळ सोडतात. त्या धुळीत ते स्वतःच झाकले जातात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. पण तवा लाल दिसत नसला तरी हात जवळ नेला की धग लागते ना? ती धग म्हणजे अवरक्त किरण. करोनाच्या दिवसांत मंदिराच्या दारात कपाळावर धरायचे ताप मोजायचे यंत्र होते, तेही हेच किरण ओळखत होते. ताऱ्याचा प्रकाश धूळ गिळते, तापते आणि अवरक्त किरण सोडते. अवरक्त फोटोत लपलेला तारा उघड होतो.

अमेरिकेची स्पिट्झर ही अवकाशातील अवरक्त दुर्बीण २००३ ते २०२० या काळात काम करत होती. तिने जवळच्या ५० खुज्या दीर्घिकांचे फोटो दोन-दोन वेळा घेतले. दोन फोटोंत ज्याचा उजेड बदलला आणि जो धुळीने लाल झाला, तो म्हातारा तारा. असे शेकडो तारे सापडले, तेही धातूंनी अगदी गरीब असलेल्या दीर्घिकांत. वाळूसारखी धूळ करायला ताऱ्याला सिलिकॉनसारखा माल आधीच्या पिढ्यांकडून मिळावा लागतो. कार्बन तारा आपला माल स्वतः बनवतो. वारशात काही नसले तरी तो देऊ शकतो. पुढे २०२१ साली, नेमक्या नाताळच्या दिवशी, जेम्स वेब ही आणखी मोठी अवरक्त दुर्बीण अवकाशात गेली आणि आता ती याच कामाला लागली आहे.

आपल्यासाठी

बंधुभगिनींनो, भस्म बुधवारी आम्ही आपल्या कपाळावर राख लावतो आणि आपण धूळ आहोत याची आठवण देतो. ती धूळ कुठून आली याचे उत्तर शास्त्र आता देऊ शकते. आपल्या शरीरातला कार्बन ताऱ्यांच्या पोटात तयार झाला, आणि त्याचा मोठा भाग अशा म्हाताऱ्या ताऱ्यांनी आपल्या शेवटच्या दिवसांत वाटून टाकला. त्या धुळीला जीवन देणारा कोण, हा प्रश्न दुर्बिणीचा नाही. तो श्रद्धेचा आहे. फादर सेक्की यांनी दोन्ही प्रश्न मनात बाळगले. एकाचे उत्तर दुसऱ्यावर लादले नाही.

आपल्या घरांत असे थंड झालेले तारे आहेत. निवृत्त कामगार, एकट्या राहणाऱ्या आज्या, कंपनी बंद पडल्यावर खचलेले वडील. वरवर पाहिले तर ते दिसेनासे झालेले असतात. जवळ जाऊन हात पुढे केला तर ऊब लागते. त्यांच्याकडे अजून देण्यासारखे पुष्कळ आहे. बहुधा तारुण्यात होते त्याहून जास्त.

आणि त्या डिप्लोमा करणाऱ्या मुलाला, आणि त्याच्यासारख्या सर्वांना सांगावेसे वाटते: कॉलेजात पुन्हा विषय निघाला तर मान खाली घालू नका आणि भांडूही नका. गॅलिलिओची गोष्ट खरी आहे असे म्हणा आणि मग दुसरी गोष्ट सांगा. न बांधलेल्या घुमटाच्या खांबांवर उभा राहून, राज्य गेले, घर गेले, सोबती गेले, तरी रोज रात्री तारे मोजणाऱ्या एका सुताराच्या मुलाची. त्याचे नाव चंद्रावरच्या आणि मंगळावरच्या एकेका विवराला दिलेले आहे. सूर्याचा अभ्यास करायला २००६ साली गेलेल्या यानांवरील उपकरणांनाही ते दिलेले आहे. रोममध्ये गेलेली वेधशाळा पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली व्हॅटिकनमध्ये नव्याने उभारली आणि तिचे काम येशूसंघीय आजही चालवतात.

पुढच्या अमावास्येला, आकाश निरभ्र असेल तर, तरुणांना घेऊन आम्ही शहराबाहेर जाणार आहोत. मोठ्यांनीही यावे. उबदार कपडे आणि टॉर्च बरोबर आणावा. टॉर्च मात्र सांगितल्याशिवाय पेटवू नये.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.